बिजागरीजवळची तार



बेळगावच्या पावसात गाडीची काच उघडी राहणं म्हणजे काय, हे बेळगावकरांना सांगायला नको. जुलैतला रविवार होता. पहिल्या मिस्सेला निघालो होतो. पुढच्या डाव्या सीटवर आई बसली होती. कोपऱ्यावर दूधवाला दिसला म्हणून त्याला काही सांगायला तिने काच खाली केली, आणि ती वर आलीच नाही. बटण दाबून दाबून बोट दुखलं. आई चर्चच्या फाटकाशी उतरली तेव्हा तिचा डावा खांदा, पदर आणि हातातलं प्रार्थनापुस्तक, सगळं चिंब झालं होतं. मिस्साभर ती ओल्या साडीत बसली आणि आम्ही दोघं मिस्साभर एकाच गोष्टीचा विचार करत बसलो: दादाने आपल्याला फसवलं.

'फसवलं' हा शब्द आमच्यापैकी आधी कुणी उच्चारला, यावर घरात अजून एकमत नाही. एकाने उच्चारला आणि दुसऱ्याने उचलून धरला, एवढं खरं.

गाडी नऊ वर्षांची. ईस्टरनंतरच्या आठवड्यात ती आम्ही दादाकडून, म्हणजे मावसभावाकडून घेतली होती. आम्हाला गाडी हवी होती ती काही मिरवायला नव्हे. आमचा रविवारचा धर्मशिक्षण वर्ग असतो, आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद पोचवायला फादरांना कुणीतरी न्यावं लागतं, आणि आईला आता रिक्षात चढता येत नाही. दादाने नवी गाडी घेतली होती, जुनी विकायची होती. घरातली गाडी घरातच राहील म्हणून मावशीलाही आनंद झाला. आम्ही घासाघीस मात्र भरपूर केली. भावाभावांत व्यवहार चोख असावा असं म्हणतात. आमचा चोखपणा अडीच तास चालला होता.

त्या रविवारी दुपारी आम्ही दादाला फोन केला. "दादा, डावीकडची काच बंद होत नाही. तुला ठाऊक होतं ना?" प्रश्न असा विचारला की त्यात उत्तर आधीच भरलेलं होतं. तो म्हणाला, "गाडी तू बघून घेतलीस. तीन महिने वापरलीस. आता मला काय विचारतोस?" मग आम्ही आणखी दोन वाक्यं बोललो, त्यानेही दोन ऐकवली. फोन ठेवला तो ठेवलाच.

नंतर काय झालं ते तुम्ही ओळखलं असेल. चर्चमध्ये आम्ही जरा मागच्या बाकावर बसायला लागलो. शांतीचं चिन्ह देताना दादाकडे बघून हात जोडायचो, मान लववायचो. बघणाऱ्याला वाटावं, सगळं ठीक आहे. आणि संध्याकाळी कुणाच्या घरी रोझरीला गेलो, की गाडीचा विषय निघाला नाही तर आम्हीच काढायचो. "नातेवाइकाकडून काही घेऊ नये," असं म्हणून सुस्कारा टाकायचो. नाव घेत नव्हतो, पण गाडी कुणाची हे अख्ख्या धर्मग्रामाला माहीत होतं. पुढे मोजलं तेव्हा असं सहा घरांत बोललो होतो.

दरम्यान काच लाकडी पाचर ठोकून कशीबशी वर धरली होती. एका गॅरेजवाल्याने गाडी न उघडताच सांगितलं, मोटर गेली. जुन्या बाजारातली मोटर बसवून त्याने बावीसशे रुपये घेतले. काच तीन दिवस चालली आणि पुन्हा बसली. त्याचाही राग आम्ही दादाच्याच खात्यावर लिहिला. जुनी मोटर पिशवीत घालून डिकीत टाकून ठेवली. पुरावा म्हणून!

मग ३० ऑगस्टला नोव्हेना सुरू झाली. ८ सप्टेंबर हा मरियामातेचा जन्मदिन. त्याआधीचे नऊ दिवस आमची आई आणि मावशी दरवर्षी एका बाकावर बसतात. दोघी सख्ख्या बहिणी. मावशीला आता ऐकू फार कमी येतं. उभं राहायची वेळ झाली की आई तिच्या कोपराला हात लावते, बसायची वेळ झाली की पदर ओढते. त्यामुळे मावशीचं ऐकू न येणं चर्चमध्ये कुणाच्या लक्षातही येत नसे. या वर्षी मावशी दादाच्या कुटुंबाबरोबर उजवीकडे बसली आणि आई आमच्याबरोबर डावीकडे. शुभवर्तमानाला सगळे उभे राहिले. मावशी बसलेलीच होती. आजूबाजूला बघून, काहीतरी चुकलं असं कळून, ती धडपडत उभी राहिली. पुढच्या वेळी सगळे बसले आणि ती एकटी उभी. आईने ते पाहिलं. ती काही बोलली नाही. तिचा हात मात्र बाकावर, शेजारच्या मोकळ्या जागेवर ठेवलेला होता.

नऊ दिवस आम्ही ते पाहिलं. तरी दादाकडे गेलो नाही. लाजेने लिहितो आहोत, पण लिहिलं पाहिजे.

सण झाल्यावर, पाऊस जरा ओसरल्यावर, कुणीतरी उद्यमबागेकडच्या एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनचं नाव सुचवलं. सगळे त्यांना चाचा म्हणतात. छोटं दुकान, दारात दोन रिक्षा आणि एक ट्रॅक्टर उभा. आम्ही गेल्या गेल्या सांगितलं, "मोटर बदलली, तरी काच चालत नाही. आम्हाला गाडीच खराब मिळाली."

चाचांनी गाडीकडे पाहिलंच नाही. आधी प्रश्न विचारले. काच एकदम बंद पडली की अधूनमधून चालते? त्या दारातलं आणखी काय बंद आहे? दार उघडं असताना चालते की लावल्यावर? आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. अडीच महिने आम्ही या दारावर चिडलो होतो, पण हे प्रश्न आमच्या मनात आले नव्हते. मग आठवलं: जूनपासून त्याच दारातला स्पीकर खरखरत होता, आता पूर्ण मुका होता. रिमोटने बाकी तीन दारं लॉक होत होती, हे एक होत नव्हतं. दोन्ही गोष्टी आम्ही किरकोळ म्हणून सोडून दिल्या होत्या.

चाचा हसले. काचेची मोटर वेगळी, लॉकची वेगळी, स्पीकर त्याहून वेगळा. तिन्ही एकदम मरत नाहीत. तिन्ही एकाच दारात बंद पडत असतील तर तिघांचा रस्ता एक आहे, तिथे जाऊन बघायचं.

पुढचा दीड तास आम्ही जे पाहिलं ते सविस्तर सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणाच्या जुन्या गाडीला हा रोग झाला तर निदान मोटरचे पैसे वाचतील. चाचांचा नियम साधा होता: स्वस्त ते आधी, महाग ते शेवटी. आधी फ्यूज काढून पाहिला. चांगला होता. मग काच दोन्हीकडून चालवून पाहिली, त्या दाराच्या बटणावरून आणि चालकाच्या दारावरच्या मुख्य बटणावरून. बऱ्याच गाड्यांत शेजारच्या दाराची वायरिंग चालकाकडच्या स्विचमधून फिरून येते; त्यामुळे डाव्या दाराचा रोग कधी कधी उजव्या दारातही सापडतो. इथे दोन्ही बटणं दाबून तेच, सगळं गप्प. मग त्यांनी कान दाराला लावला. मोटर घुरघुरत असेल आणि काच हलत नसेल तर काच ओढणारी यंत्रणा अडकलेली असते. आवाजच नसेल तर तिच्यापर्यंत करंट पोचत नसतो. आवाज नव्हता.

मग त्यांनी एक गंमत केली. एका हाताने बटण दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने दार अगदी हळूहळू उघडत नेलं. अर्धं उघडल्यावर एका ठरावीक कोनात काच दचकल्यासारखी बोटभर वर सरकली आणि थांबली. दार थोडं मागे नेलं, पुन्हा सरकली. चाचा म्हणाले, "मिल गया." आम्हाला काहीच मिळालेलं दिसत नव्हतं.

दाराचं आतलं पॅड काढून त्यांनी मोटरचं कपलर सोडवलं. बटण दाबायला लावून मीटरच्या दोन टोकांनी मोजलं. साडेबारा व्होल्ट! आम्ही लगेच म्हणालो, "म्हणजे करंट येतोय. मोटरच खराब." पहिल्या गॅरेजवाल्याचंही असंच काहीसं म्हणणं असावं. चाचांनी मान हलवली. "खाली मीटर पे भरोसा नक्को करो. लोड डालके देखो." त्यांनी इंडिकेटरचा एकवीस वॉटचा साधा बल्ब दोन तारा लावून कपलरला जोडला. बल्ब पेटला नाही. आणि बल्ब जोडलेला असताना मीटर पाहिलं तर साडेबाराचा आकडा घसरून दोनाच्याही खाली आला होता.

आम्ही दोघंही कलाशाखेचे. आम्हाला त्यांनी असं समजावलं. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, ते नुसतं डोकावून बघतं. तारेची टोकं जेमतेम टेकलेली असली तरी त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. एवढ्याशा बल्बला मात्र पावणेदोन अँपिअर लागतात आणि काचेच्या मोटरला त्याच्या कितीतरी पट. काम सांगितलं, की तो नुसता टेकलेला जोड हात टेकतो. बिनओझ्याचं माप सगळंच ठीक दाखवतं.

मग चाचांनी दार आणि खांब यांच्यामधली, बिजागरीजवळची रबरी नळी बाहेर ओढली. दार आणि गाडी यांच्यामधल्या सगळ्या तारा याच नळीतून जातात. वरून पाहिलं तर तारा धडधाकट दिसत होत्या, लाल, निळी, पिवळी. कुठे ओरखडा नाही. चाचांनी एकेक तार चिमटीत धरून वाकवली. चांगली तार कमानीसारखी वाकत होती. तीन-चार तारा मात्र एका जागी दोऱ्यासारख्या मोडत होत्या. त्यांनी तिथलं प्लास्टिक सोललं. आतलं तांबं तुटलेलं होतं. दोन टोकं एकमेकांना नुसती टेकून होती आणि मध्ये हिरवा कळंक चढला होता.

कळंक! कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, म्हणून आई आम्हाला लहानपणी ओरडायची. तोच हा हिरवा गंज. वरून भांडं झक्क, आत पदार्थ विषारी.

दार उघडलं की तारा ताणतात, लावलं की दुमडतात. दिवसाला दहा वेळा उघडलं असं धरलं तरी नऊ वर्षांत ही उघडझाप तीस हजारांच्या वर जाते. डावीकडचं पुढचं दार उघडत होतं कोण? मावशी. दादा तिला रविवारी चर्चला, मधल्या वारी दवाखान्यात, याच सीटवर बसवून नेत असे. कुणी गाडी आदळली नव्हती, कुणी काही लपवून बसवलं नव्हतं. एका म्हातारीला चर्चला नेता-आणता तार थकली होती.

तरीही आम्ही विचारलंच. "चाचा, हे आधीच्या मालकाला माहीत असणार ना?" ते काम करता करता म्हणाले, "ये तार दिखता कहाँ है? कभी चलती, कभी नहीं चलती. उनके हाथ में चली होगी, तुम्हारे हाथ में रुक गई."

त्यानंतर त्यांनी डिकीतली ती पिशवी मागून घेतली. आमचा पुरावा. जुन्या मोटरला बॅटरीवरून दोन तारा लावल्या. मोटर फिरली. तारा उलट लावल्या, उलटी फिरली. ठणठणीत. जी गप्प झाली तिला आम्ही दोषी ठरवलं होतं, दाराबाहेर काढलं होतं आणि बावीसशे रुपये भरून तिच्या जागी दुसरी आणली होती. ती बिचारी निरोप पोचायची वाट बघत होती.

चाचांची मजुरी झाली चारशे रुपये. तार जोडायला दीड तास लागला. आम्हाला दादाच्या घरी जायला अकरा दिवस लागले.

का लागले, याचा आम्ही प्रामाणिकपणे विचार केला आहे. चूक कळली होती. पण चूक कळणं आणि ती जाऊन सांगणं यांच्यामध्ये एक बिजागरी असते, आणि आमची तिथेच अडकली होती. मनातल्या मनात आम्ही दादाला माफही करून टाकलं होतं, जणू क्षमा करायचा अधिकार अजून आमच्याकडेच होता!

त्या आठवड्यात वर्गात आठवी आज्ञा शिकवायची होती, शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष न देण्याची. एका मुलीने विचारलं, "टीचर, आपण बोललो ते खरं आहे की खोटं, हेच माहीत नसेल तर?" आम्ही उत्तर देण्यासाठी कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ उघडला. त्याच्या २४७७व्या परिच्छेदात तीन चुका वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. पुरेसा आधार नसताना शेजाऱ्याचा दोष मनातल्या मनातही खरा मानणं ही पहिली. त्याचा खरा दोष, ज्यांना कळायचं कारण नाही अशांपुढे उघड करणं ही दुसरी. आणि खोटं बोलून त्याची अब्रू घालवणं ही तिसरी. पुढच्याच परिच्छेदात संत इग्नेशियस यांच्या शिकवणीचा आधार घेऊन सांगितलं आहे, की शेजाऱ्याच्या बोलण्याचा आधी चांगला अर्थ लावून बघावा आणि तो लागत नसेल तर त्याने ते कशा अर्थाने म्हटलं हे त्यालाच विचारावं. आम्ही मुलांना हे समजावून सांगितलं. मुलांनी वहीत उतरवून घेतलं. आमचा आवाज मात्र नेहमीसारखा निघत नव्हता. सहा घरं डोळ्यांसमोर येत होती.

रात्री मत्तयकृत शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय काढला. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला जा, हा प्रभूचा उपदेश आम्ही वर्षानुवर्षं शिकवत आलो आहोत. त्या दिवशी पहिल्यांदा एक गोष्ट नीट दिसली. तिथे प्रभू असं विचारत नाही की तुझ्या मनात भावाविरुद्ध काय आहे. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे का, हे आठवायला तो सांगतो. आम्ही अडीच महिने आमचीच यादी करत होतो. दादाच्या यादीत काय असेल, याचा विचारच केला नव्हता.

शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं गेलो. वहिनींनी दार उघडलं. "या," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. दादा बाहेर येईपर्यंत आम्ही भिंतीकडे बघत बसलो. तिथे दार ठोठावणाऱ्या येशूचं चित्र आहे, आपल्या बऱ्याच घरांत असतं तसं. अशा चित्रांमधलं सर्वांत गाजलेलं म्हणजे इंग्रज चित्रकार विल्यम होल्मन हंट यांनी १८५०च्या दशकात रंगवलेलं 'जगाचा प्रकाश'. त्यातल्या दाराला बाहेरून कडी नाही, दार आतूनच उघडावं लागतं, हे आपण प्रवचनांत पुष्कळदा ऐकलं आहे. त्याच चित्रात दारावर रान माजलं आहे आणि लोखंड गंजून गेलं आहे. ते दार कित्येक दिवसांत उघडलेलंच नाही. आम्हाला वाटलं, न उघडणाऱ्या दाराची बिजागरी गंजते आणि रोज उघडणाऱ्या दाराची तार थकते. दोन्हींची काळजी घ्यावी लागते. अनोळखी माणसाशी आपलं दार गंजलेलं असतं. जवळच्या माणसाशी तार तुटते.

दादा आला. आम्ही ठरवून आणलेलं वाक्य विसरलो. "दादा, तार तुटली होती," असं काहीतरी बोललो. मग सगळं सांगितलं: चाचा, बल्ब, मोटर. शेवटी, आम्ही कुठल्या कुठल्या घरी काय काय बोललो होतो, तेही सांगितलं. ते सांगताना त्याचा चेहरा बदलला. काही त्याच्या कानावर आलं होतं, काही नवीन होतं.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "ती काच माझ्याकडेही दोनदा अडकली होती. दार जरा जोरात लावलं की चालायची. मला वाटलं, गाडीची खोड आहे. तुला सांगायला हवं होतं. पण तू आधीच इतकी घासाघीस केली होतीस, म्हटलं सांगितलं तर अजून पाच हजार पाडशील."

प्रिय वाचकहो, इथे सत्य असं निघालं. आम्ही म्हणत होतो तेवढा दादा खोटा नव्हता आणि तो फोनवर म्हणाला होता तेवढा निर्दोषही नव्हता. आणि त्याने गप्प बसावं असं वातावरण अडीच तास खपून आम्हीच तयार केलं होतं. दोन टोकं, मध्ये थोडा कळंक. कुठलं टोक आधी तुटलं, हे ठरवून तार जोडली जात नाही.

तेवढ्यात मावशी आतून आली. तिला आमचं बोलणं ऐकू गेलं नव्हतं. तिने आमच्याकडे पाहिलं, मग दादाकडे, आणि मोठ्याने विचारलं, "काच चढते का आता? याला किती वेळा सांगितलं, दार आपटल्याशिवाय ती चढत नाही म्हणून!" वहिनी चहा घेऊन येत होत्या. त्यांना हसू आवरेना. मग आम्हालाही.

पुढचं काम जास्त अवघड होतं. त्या सहा घरी पुन्हा जाऊन, आम्ही चुकीचं बोललो, असं सांगितलं. दोन घरांत म्हणाले, आम्ही तर विसरलोही होतो. एका घरातून ती गोष्ट आणखी पुढे गेली होती, तिथे कुठवर पोचणार? आम्ही कुमसाराला गेलो, ती पापं फादरांपुढे मांडली. क्षमा मिळाली. पण सांडलेलं भरून आणायचं काम अजून चालू आहे. दादाने कबूल केलेली गोष्ट इथे लिहावी की नाही, यावर आम्ही बराच विचार केला, कारण खरा दोषही उगाच उघड करायचा नसतो. म्हणून हा लेख आधी त्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, "लिही. घासाघीसही लिही." लिहिली.

सगळं अगदी पूर्वीसारखं झालं, असं लिहिलं तर आठव्या आज्ञेविरुद्ध पुन्हा चूक होईल. बोलण्यात अजून एखादा शब्द जपून टाकला जातो. पण चाचांनी तार जोडताना जे केलं त्याचा आम्हाला आधार वाटतो. त्यांनी तुटल्या जागीच टोकं पिळून टेप गुंडाळली नाही. वाकायच्या जागी जोड मारला तर तो कडक होतो आणि त्याच्या कडेलाच तार पुन्हा तुटते, असं ते म्हणाले. त्यांनी खराब झालेला सगळा तुकडा कापून टाकला, बिजागरीच्या जागी नवी, मऊ, तेवढ्याच जाडीची तार घातली आणि सांधे दोन्हीकडे आतल्या बाजूला घेतले, एक दारात, एक खांबात, जिथे ओढाताण होत नाही. डाग दिला, वर आवरण चढवलं. आणि तार मुद्दाम थोडी ढिली ठेवली. दार उघडताना ताण पडू नये एवढी.

आम्ही आता तेच शिकतो आहोत. पैशाअडक्याचं बोलणं चर्चच्या आवारात किंवा सणाच्या जेवणात नाही, शांतपणे घरी बसून करायचं. आणि नात्यात थोडी ढील ठेवायची, समोरच्याला चुकता येईल एवढी.

गेल्या रविवारी दोघी बहिणी एकाच गाडीत होत्या. आई पुढे, मावशी मागे. मावशी म्हणाली, उकडतंय, काच खाली घे. आई म्हणाली, वारा लागतो, वर घे. चर्च येईपर्यंत काच चार वेळा खाली-वर झाली. आम्ही एक शब्द बोललो नाही. शुभवर्तमानाच्या वेळी आईने मावशीच्या कोपराला हात लावला आणि सगळ्यांबरोबर मावशी उभी राहिली.

चिंतनासाठी

१. माझ्या घरात किंवा धर्मग्रामात कोण गप्प झालं आहे? त्या माणसाला दोष देण्याआधी आमच्या दोघांमधला जोड मी तपासला आहे का?

२. शांतीचं चिन्ह देताना माझे हात जोडलेले असतात. त्या नात्यावर खरं ओझं पडलं तर ते टिकेल का?

३. कुणाबद्दल मी चार लोकांत बोललो, पण त्या माणसाला एक साधा प्रश्न विचारला नाही?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू दाराशी उभा आहेस आणि आमचा भाऊही दाराशी उभा आहे. जे आतून तुटलं आहे पण वरून धड दिसतं, ते आम्हाला दाखव. उतावळेपणाने केलेल्या न्यायाची आम्हाला क्षमा कर. ज्यांच्याविषयी आम्ही बोललो त्यांची अब्रू राख, आणि जे जोडायला आमचे हात थरथरतात ते तुझ्या हातांनी जोड. आमेन.